नगररचनेचा खेळ आणि कामगाराची हातोटी



संगणकावरचे खेळ हा या व्यासपीठाला शोभणारा विषय आहे काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु ज्या खेळात नगर वसवावे लागते, माणसांना कामे नेमून द्यावी लागतात आणि त्यांच्या पोटाची चिंता वाहावी लागते, तो खेळ म्हणजे राज्यकारभाराची रंगीत तालीमच होय. अशा खेळात कामगाराच्या अनुभवाला किंमत असावी की नसावी, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

तीन खेळ उदाहरणादाखल घेऊ. पहिला १९९८ सालचा ‘सीझर ३’. त्यात रोमन नगर उभारायचे असते. तेथे कामगार म्हणजे निव्वळ आकडा. कारखान्यातून एक माणूस रस्त्यावर हिंडून येतो. त्याला आसपास वस्ती आढळली की साऱ्या नगराच्या सामाईक मजूरसंख्येतून कारखान्याच्या वाट्याला माणसे येतात. काल द्राक्षमळ्यात धरलेली बेरीज आज संगमरवराच्या खाणीत मांडली, तरी काम अडत नाही.

दुसरा खेळ ‘बॅनिश्ड’, २०१४ सालचा. हद्दपार झालेल्या काही कुटुंबांना रानात गाव वसवायचे असते. येथे प्रत्येकाला नाव आहे, वय आहे, घर आहे. शाळा नसेल तर मूल दहाव्या वर्षीच कामाला लागते. शाळा असेल तर आणखी काही वर्षे शिकते, आणि शिकलेला मनुष्य अधिक उत्पन्न काढतो. म्हणजे शिक्षणाला किंमत आहे. पण अनुभवाला? आयुष्यभर ऐरणीशी झटलेला लोहार आणि कालपर्यंत मासे धरणारा कोळी, दोघेही शिकलेले असले, तर भट्टीपुढे दोघांची योग्यता सारखीच!

तिसरा टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंचा ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. तो २००६ साली लोकांपुढे आला. यातील बुटकी माणसे डोंगर पोखरून किल्ला वसवतात. प्रत्येक कसबाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. काम करावे तसा हात बसतो. काम सुटले की कसबाला गंज चढतो. मुरलेला कारागीर काम लवकर उरकतो आणि वस्तूही सरस घडवतो. सर्वोत्तम घडणीच्या नगाला साध्या नगाच्या १२ पट मोल येते.

यांपैकी खरे जग कोणते? स्वीडनमध्ये हॉर्नडाल येथे एक लोखंडाचा कारखाना होता. तेथे १५ वर्षांत नवी भांडवली गुंतवणूक झाली नाही. तरी दर माणशी दर तासाचे उत्पादन वर्षाला सरासरी सुमारे २ टक्क्यांनी वाढत राहिले. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली आपल्या निबंधात हाच दाखला दिला आणि माणूस काम करता करता शिकतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या हिशेबात आणली. आपल्या आयाबहिणींना भाकरी थापताना ती केव्हाच ठाऊक होती, ही गोष्ट वेगळी.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हजारोंच्या नगरात एकेकाची हातोटी खेळणाऱ्याने कोठवर ध्यानात ठेवावी? हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या नगराच्या खेळाला आकड्यांवाचून गती नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुभवाला मोल आले की खेळणारा उत्तम लोहाराला भात्यापासून हलूच देत नाही. आपल्या बलुतेदारीत हेच झाले. कसब टिकले खरे, पण माणूस जन्मभर, नव्हे पिढ्यान्‌पिढ्या, एकाच कामाला जखडला गेला.

तरीही अनुभव मोजला जावा, असेच माझे मत आहे. आणि त्याचे कारण उत्पादन हे नव्हे. ‘सीझर’च्या नगरात शंभर माणसे मेली आणि तितकीच नवी येऊन वसली, तर कारखान्यांच्या दृष्टीने काहीच घडले नाही. बुटक्यांच्या किल्ल्यात एक लोहार मेला, तर लोखंड आहे, कोळसा आहे, भट्टी आहे, पण कालच्यासारखी तलवार होत नाही. तेव्हा कोठे अधिपतीला कळते की आपण काय गमावले. मग तो दुसऱ्या कोणाला वेळीच भट्टीवर बसवू लागतो आणि त्याचा हात बसेपर्यंत साधा माल गोड मानून घेतो. बलुतेदारीच्या जखडणीवर उपायही हाच आहे: एकाला बांधून ठेवण्यापेक्षा दुसऱ्याला शिकवावे, आणि त्या शिकण्याचा खर्च नगराने सोसावा.

हजेरीपटावर सारी माणसे सारखी दिसतात. ज्याला नगर चालवायचे आहे, त्याने तो पट मिटून एकदा कामाच्या जागी जावे आणि कोणाचा हात कशावर बसला आहे, ते पाहावे. खेळ एवढे शिकवीत असेल, तर तो पोरखेळ नव्हे.