ग्रंथविक्रेत्याचा निरोप
(दुकानाचा कारभार सोडतांना पेठेंतील वाचकांपुढें केलेलें भाषण)



बावीस वर्षें आम्हीं या पेठेंत पुस्तकें विकलीं. येत्या महिन्यापासून दुकान आमचे धाकटे बंधु पाहतील व आम्ही आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत ग्रंथपाल म्हणून रुजू होऊं. चालता धंदा सोडून तुटपुंज्या पगारावर कां जातां, असें अनेकांनीं विचारलें. त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

हा धंदा कसा चालतो तें उघड सांगतों. जूनमध्यें शाळेचीं पुस्तकें व वह्या खपतात. पुढें वर्षभर स्पर्धापरीक्षांचीं गाइडें. दुकानाचें भाडें त्यांवर निघतें. कथा, चरित्र, इतिहास यांचें कपाट धूळ खातें. यावरून शहाणे लोक म्हणतात कीं, आपल्या लोकांस वाचनाची आवडच नाहीं. हें साफ खोटें आहे! ऊसतोडीस जाणाऱ्या घरचीं मुलें आमच्या फळीपाशीं उभ्यानें तासतास वाचीत आलीं आहेत. मग तीं मागें छापलेली किंमत पाहतात व पुस्तक जपून जागच्या जागीं ठेवतात. तीनशें रुपये म्हणजे त्यांच्या घरची आठवड्याची मीठमिरची. भूक आहे, पण ताट महाग आहे. दुकानदारानें किती जणांस फुकट द्यावें? तें काम वाचनालयाचें. १९६७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांची व त्यांच्या अनुदानाची व्यवस्था लागली. परंतु दाराला पाटी लावली म्हणजे वाचनालय झालें काय? आंत पुस्तक ओळखणारा व वाचक ओळखणारा माणूस बसावा लागतो.

आतां जातांना आमच्या आवडीचीं चार पुस्तकें सांगतों.

पहिलें, जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड'. शेतकऱ्याचें घर, कर्ज व कचेरींतील त्याची फजिती यांत उघडी मांडली आहे. पण नुसतें रडगाणें नाहीं. तालीबंधारे घालावे, तळीं करावीं, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्याच्या मुलांस विद्या द्यावी, असे उपायही सांगितले आहेत. आज हें पुस्तक बांधावर बसून वाचावें.

दुसरें, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ सालीं तें पुण्यास छापलें गेलें व पुढें लोक तें विसरले. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हा उजेडांत आणलें. ज्या दोषांसाठीं बायकांस नांवें ठेवतां ते पुरुषांत नाहींत काय, हा बाईंचा रोकडा सवाल आहे. तो अजून फिटलेला नाहीं. हें पुस्तक पुरुषांनीं आधीं वाचावें.

तिसरें, लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें'. नवऱ्याचें धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य, सारें सोसून ही बाई स्वतःवर हंसूं शकते! ज्यांस जड पुस्तकांची धास्ती वाटते त्यांनीं येथून सुरुवात करावी.

चौथें, अण्णाभाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा'. दुष्काळांत उपाशी माणसांसाठीं धान्य लुटणाऱ्या मांग वीराची ही कादंबरी. अण्णाभाऊंस शाळा अशी लाभलीच नाहीं. लक्ष्मीबाईही शाळेंत शिकल्या नव्हत्या. तेव्हां "आम्ही अडाणी, आम्हांस पुस्तकाशीं काय करावयाचें" असें कोणीं म्हणूं नये.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र विद्यार्थी भीमरावाच्या हातीं भेट म्हणून दिलें. त्या पुस्तकाचा आपल्यावर काय परिणाम झाला, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुढें आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेंत स्वतः लिहून ठेवलें. त्या एका प्रतीची किंमत कोणता दुकानदार करूं शकेल?

म्हणून आमची एकच विनंती. आमच्या उधारीच्या वहींत आपल्यापैकीं पुष्कळांचीं नांवें आहेत. तो पैसा आम्हांस नको. ज्याच्याकडे जेवढी बाकी असेल त्यानें तेवढ्या किंमतीचें एक चांगलें पुस्तक आमच्या वाचनालयांत आणून द्यावें. नव्या पुस्तकाचा आग्रह नाहीं. घरीं वाचून झालेलें असलें तरी चालेल. पुस्तक जमा झालें कीं वहींतील नांवावर आम्ही आपल्या हातानें काट मारूं.