अस्थींचे श्रवण



हैदराबादेत शिक्षण घेतलेले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेले आणि सुमारे आठ दिवसांनी सुखरूप परतले. हाच मुक्काम काही महिन्यांचा असता, तर त्यांच्या अस्थींना त्याची किंमत मोजावी लागली असती. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते. भार हटला की हाड झिजू लागते.

हाड निर्जीव खांब नव्हे. भारानुसार ते आपली घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. हाडातील पेशींना ताण जाणवला की स्क्लेरोस्टिन हे अस्थिनिर्मितीस आवर घालणारे द्रव्य कमी स्रवते व नवे हाड घडू लागते.

मग यंत्राच्या कंपनांनी हेच साधेल काय? २००१ साली अमेरिकेत मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटे सौम्य कंपने दिली, तेव्हा मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. त्याआधी २००० साली १४ निरोगी पुरुषांवरील प्रयोगात कंपनांनंतर वाढीचे संप्रेरक वाढलेले दिसले होते. परंतु २००४ मधील दुसऱ्या प्रयोगात ते वाढले नाही. पुढे कॅनडात रजोनिवृत्त स्त्रियांनी वर्षभर कंपनफलकावर उभे राहूनही अस्थिघनतेत लाभ झाला नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाने अशा यंत्रावर मोठी भिस्त ठेवावी, एवढा आधार आजही नाही. उलट, हातात दीर्घकाळ कंप पावणारी अवजारे धरणाऱ्या कामगारांच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते, हे निश्चित आहे.

अस्थी व संप्रेरके यांचे नाते या नगरीस नवे नाही. १९५८ साली कुन्नूरहून येथे आलेल्या व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेतील संशोधकांनी नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्या, गुडघे आत वळलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्या रक्तात पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले आढळले. पाणी, आहार, ऊन आणि श्रम या साऱ्यांचा हिशेब हाड ठेवत असते.

म्हणून वयोवृद्ध सभासदांनी महागड्या यंत्रापूर्वी चालणे आणि झेपेल तेवढे जिने चढणे आठवावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र वैद्याचा सल्ला प्रथम घ्यावा. ग्रंथालयात पायी येणाऱ्या वाचकाचे मनच नव्हे, अस्थीही त्या फेरीने पोसल्या जातात.