म्युनिकची एम फाइव्ह आणि तुरीनची थेमा

आजच्या दोन्ही गाड्या चार दारांच्या, पाच माणसांच्या. एक जर्मनीची बीएमडब्ल्यू एम फाइव्ह, जी 1985 साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. दुसरी इटलीची लान्चिया थेमा 8.32. ती पुढच्याच वर्षी तुरीनला आली. कंपन्यांच्या आकड्यांनुसार पहिलीचा कमाल वेग ताशी 245 किलोमीटर, दुसरीचा 240. संग्राहकांच्या बाजारात मात्र एम फाइव्हला फार मोठी किंमत येते, आणि थेमाला ‘चुकीच्या गाडीत घातलेलं फेरारीचं इंजिन’ म्हणून बाजूला सारलं जातं. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

एम फाइव्हचं इंजिन एम वन या स्पोर्ट्‌स कारच्या घराण्यातलं. एका रांगेत सहा सिलिंडर, 24 व्हॉल्व्ह, 3453 सीसी, 286 अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असल्यामुळे पाय दाबताच इंजिन उसळतं. ते बसवलं साध्या फाइव्ह सीरिजच्या अंगात, बरंचसं काम हातांनी करून. मागचा मोनोग्रामसुद्धा न लावता गाडी मागवता येत असे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती एखाद्या अधिकाऱ्याची रोजची गाडी वाटावी! जेमतेम 2200 च्या आसपास गाड्या बनल्या.

इटलीत गोष्ट वेगळी होती. फियाटने 1969 साली लान्चिया ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी फेरारीत निम्मा वाटा घेतला. हीच ती फियाट, जिच्या गाड्या आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत होत्या. एकाच छत्राखाली आल्यामुळे फेरारीचं आठ सिलिंडरचं इंजिन लान्चियाच्या बॉनेटखाली येऊ शकलं. नावातले 8 आणि 32 म्हणजे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह.

पण ते इंजिन जसंच्या तसं आलं नाही. फेरारी 308 मध्ये क्रँकशाफ्टचे सगळे क्रँक एकाच पातळीत होते. त्यातून तो कडक, कापत जाणारा आवाज येतो, आणि थरथरही येते. थेमासाठी हे क्रँक एकमेकांशी 90 अंशांवर मांडले. शाफ्ट जड झाला, थरथर विरली. फेरारीत 240 असलेली अश्वशक्ती इथे 215 झाली. जोडणीचं काम बोलोन्याच्या डुकाटीकडे होतं. शर्यतीच्या जातीचं इंजिन लांबच्या प्रवासाला सोसेल असं करणं हे मोठं कसब आहे, आणि टीकाकार नेमकं तेच विसरतात. आत पोल्ट्रोना फ्राऊ या फर्निचर कंपनीचं चामडं, डॅशबोर्डवर लाकूड. वायपरच्या दांडीच्या टोकाची कळ फिरवली की डिकीच्या झाकणातून स्पॉयलर वर येई.

घाटाच्या वळणांवर एम फाइव्हच सरस, यात मला शंका नाही. तिची ताकद मागच्या चाकांना मिळते, पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात. थेमात पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि वळायचं. वळणात पाय जोरात दिला की त्यांच्यावर फार भार येतो.

थेमाचं खरं दुखणं गॅरेजमध्ये कळतं. एम फाइव्हला टायमिंग चेन आहे. थेमाला बेल्ट आहे, आणि तो ठराविक काळाने बदलावा लागतो. तिचं इंजिन आडवं, इतकं ठासून बसवलेलं की टायमिंग बेल्ट नीट बदलायचा तर इंजिन उतरवावं लागतं. गाडीची किंमत कमी आणि हा खर्च मोठा, म्हणून मालक काम पुढे ढकलतात. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीवर जातो. मग ती भंगारात निघते. मुळात बनल्या 4000 च्या आत. म्हणून थेमा घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, की चामडं आणि रंग नंतर बघा. आधी बेल्ट कधी बदलला, इंजिन कुणी उतरवलं, याची बिलं मागा. बिलं नसतील तर तो सगळा खर्च धरूनच भाव ठरवा, आणि गाडी घरी आणण्याआधी ते काम उरकून घ्या.