मृताचे मौन

खुनाचा शोध हा करमणुकीचा विषय व्हावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ‘माफिया’ या खेळाचे नियम पाहिले, म्हणजे त्यांतील गांभीर्य ध्यानात येते. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डाव्हिडॉव्ह यांनी १९८६ साली तो रचला. आज निरनिराळ्या गावी बसलेली माणसे तो संगणकावरूनही खेळतात.

मारेकरी थोडे, पण ते एकमेकांस ओळखतात. निरपराध पुष्कळ, पण कोण कसा आहे हे त्यांना ठाऊक नसते. रात्री मारेकरी एकाचा बळी घेतात. दिवसा सारे मिळून चर्चा करतात आणि बहुमताने एकास बाद करतात. सूत्रधाराला सर्व माहीत असते, म्हणूनच त्याने काही सुचवावयाचे नसते. आणि मेलेल्याने बोलावयाचे नसते. निवाडा जिवंतांनीच आपल्या बुद्धीने करावा, हे या नियमाचे मर्म होय.

येथे पुरावा बहुधा नसतोच. असते ते वक्तृत्व. ठासून बोलणाऱ्यामागे मते जातात आणि अबोल मनुष्य संशयास्पद ठरतो. निरपराधांची संख्याच अधिक असल्यामुळे पहिल्या दिवशी बाद होणारा बहुधा निर्दोष निघतो. मते मोजून निर्णय लागतो; सत्य मात्र शोधावेच लागते.