संग्रहालयाची चित्रफीत आम्ही कशी केली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलावयाची सवय म्हणाल तर हळदीकुंकवाला नाव घेण्यापुरती. परंतु सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "चित्रफितीचा जमाखर्च खजिनदारकाकू वाचतीलच, ती केली कशी हे तू सांग. पुष्कळजणी विचारताहेत." तेव्हा जसे घडले तसे सांगते.

वाचनालयाच्या माडीवर आपल्या गावचे वस्तुसंग्रहालय आहे. ते कितीजणींनी पाहिले आहे, असे मागील वर्षी मासिक सभेत विचारले, तेव्हा चाळीसजणींत सात हात वर झाले. त्यांतल्या दोघी लहानपणी शाळेबरोबर गेलेल्या. दोन खोल्या, वस्तू दोनशेच्या आसपास. पण त्या आल्या कोठून? आपल्याच घरांतून. वाडे पडले, माळे रिकामे झाले, तेव्हा गुरुजींनी दारोदार हिंडून समया, मापे, अडकित्ते, पानाच्या चंच्या मोडीत जाण्याआधी मागून आणल्या. आता वाचनालयाच्या कमिटीचे म्हणणे असे, की महिन्याकाठी दहा माणसे येतात, त्यापेक्षा माडी अभ्यासिकेला दिली तर चार पैसे मिळतील. कमिटीचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. मुलांना अभ्यासाला जागा हवीच आहे. कमिटीने वर्षाची मुदत दिली, माणसे आणून दाखवा म्हणून. गुरुजींचे वय ऐंशीच्या पुढे. ते काठी टेकीत आपल्या मंडळात आले आणि म्हणाले, "हल्ली लोक फोनमध्ये पाहतात आणि मग घराबाहेर पडतात. तुम्ही बायका काही करता का पाहा."

तालुक्याच्या एका छायाचित्रकाराला विचारले. त्याने पस्तीस हजार सांगितले, आकाशातून चित्र घेणाऱ्या ड्रोनसकट. आता माडीवरच्या दोन खोल्या आकाशातून पाहून काय दिसणार? पत्रे! मंडळाने दोन हजार मंजूर केले. त्यालाही विरोध झाला. विरोध करणाऱ्या काकू समोरच बसल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही. पुढे त्यांनीच आपल्या घरची मापे आणून दिली.

दोन हजारांत चित्रफीत कसली होणार, अशी मलाही शंका होती. तेव्हा माझ्या पुतणीने दादासाहेब फाळक्यांची हकीकत सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला १९१३ साली, हे आपण सर्वजणी जाणतो. पण त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एक लहानशी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढतो कसा, याची थोडी थोडी चित्रे दिवसामागून दिवस घेतली. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटे, की डोळ्यांदेखत रोप वर येत आहे. एक कुंडी, एक वाटाणा! आणि पुढे मोठे चित्र घेताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कामकऱ्यांचा स्वयंपाक करीत, फिल्मला भोके पाडीत आणि उजेड माणसांच्या तोंडावर नीट पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन् तास उभ्या राहत. दागिनेही त्यांनी दिले. हे ऐकल्यावर मला धीर आला. पांढरी चादर आपल्यापैकी कोणाकडे नाही?

आमच्या माडीला दक्षिणेला एकच खिडकी. सकाळी नऊ ते अकरा तिच्यातून मऊ उजेड येतो. तेवढ्या वेळातच काम करावयाचे ठरविले. समोरून दोघींनी चादर ताणून धरली, की वस्तूच्या अंधाऱ्या बाजूवर उजेड परतून पडे आणि पितळेवरची नक्षी उठून दिसे. फोनचा झगझगीत दिवा आम्ही लावला नाही. गुरुजींनी सांगितले, की जुने कापड आणि कागद यांचे उजेडाने झालेले नुकसान साठत जाते, ते भरून येत नाही. मोठ्या संग्रहालयांत अशा वस्तूंवर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. म्हणजे आपल्या देवघरातल्यासारखा मंदच म्हणा ना. एक खणाची चंची खिडकीच्या अंगाने पार विटली आहे, ती त्यांनी दाखविली. आम्ही त्याच दिवशी जुन्या लुगड्याचा पडदा शिवून खिडकीला लावला. चित्रे घेण्यापुरता तो बाजूला करतो.

आता खरी अडचण. दाखवावयाचे काय? गुरुजींची इच्छा, की एकही वस्तू सुटू नये. त्यांनी एकेक वस्तू जिवापाड मिळविलेली, तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. पण दोनशे वस्तू एकामागून एक दाखविल्या तर तो पंचनामा होईल, फीत होणार नाही. नुसती काचेच्या कपाटातली वस्तू मुकी असते. दोन दिवस आम्ही याच विचारात होतो.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन गेले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एका कपाटाशी थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. कपाटात पितळेची एक वस्तू, वर पाखरू बसलेले, आणि खाली कार्डावर गुरुजींच्या सुंदर अक्षरात 'शोभेची वस्तू'. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही शोभेची कसली? ही वजरी! हिने टाचा घासायच्या!" लगेच भिंतीला धरून पाऊल उचलून त्यांनी कशी घासायची तेही दाखविले. गुरुजीही मनमुराद हसले आणि त्यांनी तिथल्या तिथे कार्ड बदलले. पुरुषमाणसाला न्हाणीघरातली वस्तू ठाऊक असणार कशी?

तेथेच फीत कशी करावयाची ते मला कळले. वस्तू दाखवून भागणार नाही, हात दाखविला पाहिजे. परंतु संग्रहालयातली वस्तू वापरावयास घेणे बरे नव्हे. ती झिजेल, तिला डाग पडतील. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूची बहीण गावातून शोधली. फितीत आधी कपाटातला अडकित्ता दिसतो आणि लगेच एका मावशींच्या हातातला त्यांचा घरचा अडकित्ता सुपारी कातरताना दिसतो. कातरण्याचा तो कट्-कट् आवाज आला, की माणूस फोनवरून डोळा काढीत नाही.

वस्तू पाचच घेतल्या: वजरी, अडकित्ता, चंची, कुंकवाचा करंडा आणि धान्याची मापे. करंड्यासाठी सासूबाईंनीच आधी कपाळाला मेणाचा ठिपका लावून त्यावर कुंकू कोरून दाखविले. आमच्या पुतणीच्या वयाच्या मुलींना मेण कशाला, हेच ठाऊक नव्हते. त्यांना टिकली तेवढी माहीत.

मापांचे मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण तो भाग मला सर्वांत आवडतो. त्यात कोणी बोलतच नाही. एक हात चिपट्याने ज्वारी भरतो, मापट्यात ओततो, पुन्हा एक चिपटे, मापटे भरले. दोन मापट्यांनी शेर भरला. दोन शेरांनी अधोली भरली. दोन अधोल्यांनी पायली. भरल्या मापावरून हात फिरवून शीग पाडली, की दाणे खाली सुपात पडतात. मेट्रिक मापे १९५८ सालापासून टप्प्याटप्प्याने आली आणि ही मापे माळ्यावर गेली. पण त्यांचा हिशेब किती सोपा पाहा, सगळा दुपटीचा! आमच्या गल्लीतल्या तिसरीतल्या मुलाने फीत पाहताना बोटे मोजून सांगितले, की पायलीत सोळा चिपटी मावतात. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

आवाजाने मात्र फार छळले. खाली एस.टी.चा रस्ता. म्हणून चित्रे माडीवर घेतली आणि बोलणे आमच्या घरी, दारे लावून, भोवती गोधड्या टांगून रेकॉर्ड केले. गोधडीत आवाज घुमत नाही. पुतणीने छान छापील मराठीत मजकूर लिहिला होता, पण सासूबाई तो वाचावयास तयार होईनात. "हे मी बोलते असं वाटत नाही," म्हणाल्या. मग मी चहाचा कप हातात देऊन त्यांना नुसते विचारीत बसले, चंचीत काय काय ठेवायच्या, चुन्याची डबी कोठे, प्रवासाला कोण नेई. त्या बोलत गेल्या. आपले प्रश्न कापले, त्यांची उत्तरे ठेवली. गुरुजींचे प्रास्ताविक सात मिनिटांचे झाले होते. त्यातली पंधरा सेकंदे घेतली. हे त्यांना सांगावयाचे कोणी, यावर आमच्यात चिठ्ठ्या टाकावयाची वेळ आली होती, पण गुरुजीच म्हणाले, "मास्तराचा तास कमी झाला, की मुले खूष असतात."

संगीतावर वाद झाला. काहींना चित्रपटातले गाणे हवे होते. त्याला मालकी हक्काची अडचण येते, आणि दुसरे म्हणजे ते गाणे त्या चित्रपटाची आठवण करून देईल, आपल्या माडीची नव्हे. शेवटी आपल्या मळ्यातल्या आक्कांनी जात्यावर बसून दोन ओव्या म्हटल्या, त्या घातल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आहेत. इतकी संपत्ती बायकांच्या तोंडी असताना उसने गाणे कशाला आणावयाचे?

पुण्याला सहलीला गेलो होतो तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण पाहिले, ते आठवत असेल. लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ बापाने, दिनकर केळकरांनी, उभे केलेले ते संग्रहालय. चष्म्याचा धंदा सांभाळून १९२० च्या सुमारापासून ते गावोगाव हिंडून वस्तू जमवीत होते. वीस हजारांवर वस्तू झाल्या आणि १९७५ साली त्यांनी त्या सरकारच्या, म्हणजे आपल्या सर्वांच्या, स्वाधीन केल्या. तेथेही दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडीच तर आहेत. आपण सर्वजणी तेथे तिकीट काढून डोळे मोठे करून पाहत होतो आणि आपल्या गावची माडी ओस होती, हे मला तेव्हापासून खटकत होते.

फीत झाली दोन मिनिटे दहा सेकंदांची. फोन उभा धरून घेतली, कारण लोक फोन उभाच धरतात. शेवटी ठळक अक्षरांत वार, वेळ आणि वाचनालयाची खूण. शिवाय जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे हेही सांगितले आहे. जाहिरातीत उणे कशाला सांगावे, असे काहींचे मत पडले. पण गुडघेदुखीची बाई निम्म्या जिन्यावरून परत गेली, तर ती दहाजणींना सांगेल. त्यापेक्षा मधल्या पायरीवर स्टूल ठेवले आहे हे सांगितलेले बरे. खर्च असा: कॉलरला लावावयाचा माईक ८५० रुपये, फोनचे स्टँड ४८०, चहा-पोहे २६०, कार्डे व रंगीत पेने ९०. एकूण १६८०. उरलेले ३२० खजिनदारकाकूंना परत केले आहेत.

१८ मे हा दिवस १९७७ सालापासून जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी फीत गल्लीगल्लीच्या गटांत पाठविली. जुलैअखेर वहीत तीनशे बारा सह्या झाल्या. पुण्या-मुंबईला गेलेली आपल्या गावची माणसेही सुट्टीत मुद्दाम वर चढून गेली.

एक गोष्ट मात्र अशी घडली, की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. फितीतला करंडा पाहून पलीकडच्या आळीतल्या एक बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. करंडा त्यांच्या आईचा. आई गेल्यावर भावाने घर आवरताना तो देऊन टाकलेला, बहिणीला विचारले नाही. बाई कपाटासमोर बराच वेळ उभ्या होत्या. झाकणाच्या आत एका कडेला पोचा आहे, तो त्यांच्या हातून लहानपणी पडून आलेला, हे त्यांनी करंडा न उघडता सांगितले. उघडून पाहिले तो पोचा होताच. त्यांनी करंडा परत मागितला आहे. गुरुजींच्या वहीत भावाची सही आहे, तेव्हा कायद्याने तो संग्रहालयाचा. कमिटीपुढे अर्ज आहे. मला विचाराल तर करंडा बाईंना द्यावा आणि कपाटात त्याचे छायाचित्र, ही हकीकत लिहून, ठेवावे. गुरुजींचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, एक दिला की दहा मागतील. त्यांचेही खोटे नाही. यावर आपल्यात बोलणे व्हावे असे मला वाटते, कारण त्या कपाटांतल्या बहुतेक वस्तू बायकांच्या आणि देणगीच्या वहीतल्या सह्या बहुतेक पुरुषांच्या आहेत.

माडीचा निर्णय कमिटी दिवाळीनंतर करणार आहे. तोवर दुसरी फीत दिव्यांची करावयाची आहे. समईचे सर्वजणींना येते. पण टांगलेल्या लामणदिव्यात तेल कसे घालीत, वात कशी सरकवीत, हे दाखविणारा हात आम्हाला हवा आहे. ज्यांच्या घरी लामणदिवा असेल किंवा ज्यांनी तो लावला असेल, त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता माडीवर यावे. चादर आणावयास नको, ती आहे.