परभाषेचे दार, स्वभाषेचा उंबरठा



मुखेडच्या मातीला परभाषा नवी नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, शाळा-कचेरीत उर्दू आणि बाजारात कानडी-तेलुगूही कानी पडे, असा जुन्या पिढीचा व्यवहार होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शास्त्रविषयही उर्दूतून शिकविले जात. या अनुभवाने दोन धडे दिले. अनेक भाषा शिकण्याचे सामर्थ्य सामान्य माणसातही असते. परंतु मातृभाषेला दूर सारून लादलेली भाषा अनेकांसाठी ज्ञानाचे दार बंदही करते.

स्वेच्छेने शिकलेल्या परभाषेचे फळ मात्र मोठे असते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कित्येक विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा मानत. जर्मनीचे हर्मन याकोबी यांनी संस्कृत व प्राकृत या सर्वस्वी परक्या भाषा आत्मसात केल्या, मूळ सूत्रे वाचली आणि १८७९ मध्ये कल्पसूत्राच्या आवृत्तीत जैन परंपरेचे स्वातंत्र्य साधार मांडले. १८८४ साली त्यांनी केलेला आचारांग व कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

हाच प्रवास उलट दिशेने केला डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेले उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ ग्रंथाचे त्यांनी केलेले संपादन १९३५ मध्ये विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह प्रकाशित झाले. प्राकृतातील धन इंग्रजीच्या वाटेने देशोदेशीच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. इंग्रजी आली म्हणून प्राकृत सुटली नाही, हे विशेष.

अडचणी आहेतच. जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. पण तेथे सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी! जपानी वाक्यात मराठीसारखेच क्रियापद शेवटी येते. मात्र नित्य वापरातील दोन हजारांहून अधिक चित्राक्षरे ओळखावी लागतात. तालुक्याच्या गावी शिक्षक मिळणे कठीण, आणि शिकलेले बोलावे तर सोबती नाही. त्याहून मोठा अडसर संकोचाचा. चुकीच्या उच्चारावर घरचेच हसले, तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

आणखी एक धोका आहे. परदेशी स्थायिक झालेल्या काही कुटुंबांत नातवंडांना आजीचे बोलणे समजेनासे होते. परभाषा आली, पण घरातील एक दार मिटले. हा दोष परभाषेचा नाही. तो घरात मायबोली बंद करण्याचा आहे.

म्हणून आपल्या मुलांनी इंग्रजी, जर्मन, जपानी अवश्य शिकावी. रोज थोडे वाचावे, मोठ्याने बोलावे, चुकावे आणि पुन्हा बोलावे. मात्र दिवसाकाठी मराठीचे एक पान आणि आजीआजोबांशी मराठीत घटकाभर संवाद, हा नेम मोडू नये. उंबरठा शाबूत असेल, तरच दाराबाहेर गेलेली पावले घराकडे वळतात.