मोडीत निघालेली चांदी

आदिलाबादच्या बाजारात मोडीत आलेली रुपयांची माळ आपण पाहतो. दुकानदार ती सबंध काट्यावर टाकतो आणि एकच भाव सांगतो. पण रुपये का सगळे सारखे असतात? १९३९ पर्यंतच्या इंग्रजी रुपयात शेकडा ९१.६७ भाग चांदी, म्हणजे विलायती स्टर्लिंगच्या ९२.५ च्या जवळच. १९४० पासून निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा! चारमिनार छापाच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हाली रुपयात सुमारे ८२. तेव्हा साल पाहून ढीग वेगळे करावेत, मगच तोलावे. बंजारा भगिनीची माळ ही तिची ठेव असते. ती विकायला निघाली, तर आपल्यातले कोणी सोबत जावे. हालीवरचे साल हिजरी, उर्दू अंकांतले. ते वाचण्याचे काम उर्दू शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी घ्यावे.